साळवणच्या चेंबरमधल्या दोन पेट्या

"ताई, ती दुसरी पेटी बगूया का एकदा?" सर्जेराव चेंबरमधून मान वर काढून म्हणाला.

"कुठली दुसरी?"

"जुनी. तुमची."

"माझी आहे ना? मग तिला हात लावायचा नाही. तू आधी तुझी नीट कर."

तो पुन्हा खाली वाकला आणि स्वतःची पेटी तिसऱ्यांदा उघडायला लागला. मी वर, रस्त्याच्या कडेला, स्प्लायसिंग मशीनच्या पेटाऱ्यावर बसले होते आणि डोक्यात नुसती आग होती. सकाळचे साडेदहा वाजले होते. संध्याकाळी पाचला पुण्याहून लाइनची शेवटची चाचणी होती, आणि ही पायरी काही हलत नव्हती.

पायरी म्हणजे काय, ते सांगते. आमचं काम ऑप्टिकल फायबर जोडायचं. केसाएवढी काच, तिच्यातून उजेड धावतो. दोन तुकडे मशीनमध्ये समोरासमोर धरून वितळवायचे, जोडायचे आणि उरलेली वीतभर-हातभर काच वेटोळं करून पेटीत बसवायची. मीटर एका टोकाला लावलं की सगळ्या लाइनचं चित्र दिसतं. उजेड हळूहळू कमी होत जातो, म्हणून सरळ उतरती रेघ येते. कुठे उजेड सांडत असेल तर तिथे रेघ एकदम खाली येते. तीच पायरी. आमची पायरी कोल्हापूरच्या टोकापासून अडतीसाव्या किलोमीटरला होती. अडतीसावा किलोमीटर म्हणजे साळवण, आणि साळवण म्हणजे हे चेंबर.

चेंबर म्हणजे गगनबावड्याच्या रस्त्याकडेला कमरेएवढा खोल काँक्रीटचा खड्डा. त्यात लोणच्याच्या बरणीएवढ्या दोन काळ्या पेट्या. एक मी अकरा वर्षांपूर्वी बांधलेली. दुसरी सर्जेरावने तीन आठवड्यांपूर्वी बांधली होती, कारण रस्तारुंदीच्या कामात पोकलेनने केबल तोडली आणि मध्ये नवा तुकडा घालावा लागला. दोन पेट्यांमध्ये पंधरा मीटर केबल, तीही खड्ड्यातच गुंडाळलेली. एवढं कमी अंतर अडतीस किलोमीटरवरून मीटरला वेगळं दिसत नाही. त्याला दोन्ही मिळून एकच पायरी दिसते.

मग दोष कुणाचा? अकरा वर्षं बिनतक्रार चाललेल्या पेटीचा, की तीन आठवड्यांपूर्वीच्या? मला विचारायचीही गरज वाटली नव्हती.

त्यात आमच्यात एक रीत होती. पेटी बंद करताना जोडणारा आत चिठ्ठी ठेवतो: नाव, तारीख, सही. आणि ज्याची चिठ्ठी त्याची पेटी. त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याने ती उघडायची नाही. मला हे दौलत मिस्त्रींनी शिकवलं. या पट्ट्यातले ते पहिले फायबर जोडणारे, सहा फूट उंच, पंजा परातीएवढा. बाई फायबर जोडणार म्हटल्यावर बाकीचे ठेकेदार हसले होते. मिस्त्री हसले नाहीत. "हात हलत नाही ना तुझा? मग झालं," एवढंच म्हणाले आणि मशीन पुढ्यात ठेवलं.

सर्जेराव लोहार माझ्याकडे शिकलेला. तिशीचा गडी, बोलायला कमी, कामाला वाघ. त्याला जोडणाऱ्याचं कार्ड मिळावं म्हणून मी कंपनीच्या दारात सहा महिने हेलपाटे घातले होते. कार्ड नसेल तर कुठलाही ठेकेदार फायबरला बोट लावू देत नाही. आणि कंपनीचा नियम असा, की एका माणसाच्या नावावर तीन दोष लागले की कार्ड जमा. सर्जेरावच्या नावावर दोन लागलेले होते. पहिला कळ्याला, दोन वर्षांपूर्वी. दुसरा गेल्या जूनमध्ये असळजला. दोन्ही वेळा मी दुसऱ्या कामावर होते आणि दोन्ही वेळा मी त्याची बिनपाण्याने केली होती. कळ्याला तर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "सर्जेराव, हात आहेत का खुरपी?"

हा तिसरा.

"झालं काय हो?" मृण्मयी गाडीतून उतरून आली. पुण्याहून आलेली इंजिनियर, सव्वीस-सत्तावीसची, उन्हाने नाक लाल झालेलं. मीटर कोल्हापूरच्या एक्स्चेंजमध्ये बसवलेलं होतं आणि त्याचं चित्र तिच्या टॅबवर दिसायचं.

"जोडलंय परत. बगा आता," सर्जेराव खालून म्हणाला.

तिने टॅबवर बोट टेकलं. आम्ही तिघं स्क्रीनवर वाकलो. रेघ उतरत आली आणि अडतिसावर तशीच खाली बसली.

"काही फरक नाही," मृण्मयी म्हणाली.

"अरे काय चाललंय सर्जेराव!" मी कडाडले. "मशीन साफ केलंस? काच कापताना तिरकी गेली का?"

"न्हाई ताई. मशीन दावतंय की, जोड चोख हाय."

"मग भूत आहे का खड्ड्यात?"

मृण्मयी मध्ये पडली. "इंदूताई, दहा गिगाच्या जुन्या लाइनला एवढा लॉस खपून गेला असता. पण आता आपण याच काचेतून चारशे गिगा पाठवतोय. उजेड नुसता चालू-बंद करायचे दिवस गेले. आता त्याची लहर किती पुढे, किती मागे, किती उभी, किती आडवी, सगळं मोजून त्यात माहिती भरतात. थोडा उजेड सांडला तरी पलीकडे वाचताना चुका होतात."

"कळतं गं," मी म्हटलं. "सायकलला जो खड्डा जाणवत नाही, तो भरधाव मोटरसायकलला जाणवतो."

"अगदी बरोबर."

"मग खड्डा बुजव म्हणावं याला."

हे मी सर्जेरावच्या तोंडावर म्हटलं. तो फायबर पुसायच्या कागदाची घडी करत राहिला. त्या वेळी मला त्या गप्प राहण्याचा इतका राग आला की बस.

बारा वाजता शिंत्रे साहेबांचा फोन आला. कोल्हापूरच्या ऑफिसातले आमचे अधिकारी. माणूस वाईट नाही, पण पुण्याचं नाव निघालं की त्यांचा आवाज चिरकतो.

"चौगुलेबाई, अजून होत नाही म्हणजे काय? मला वर कारण द्यायचंय. जोड कुणाचा?"

"सर्जेराव लोहारचा."

"त्याचे आधीच दोन आहेत ना? मग फॉर्म पाठवतो, तुमची सही करून टाका. दुपारी दुसरा माणूस येतोय जयसिंगपूरहून. आणि ऐका, पुढच्या महिन्यात तुमची प्रशिक्षण केंद्रात नेमणूक आहे. अकरा वर्षं एकही दोष नाही म्हणून तुमचं नाव गेलंय. जाता जाता हा डाग नको तुमच्या टीमवर."

फॉर्म मृण्मयीच्या टॅबवर आला. 'जोडणाऱ्याचे नाव', 'दोष क्रमांक तीन', 'कार्ड जमा', आणि खाली टीमची प्रमुख म्हणून माझ्या सहीची जागा. मृण्मयी म्हणाली, "ताई, थांबूया का जरा? माझ्याकडे लांब रंगाचं मीटर आहे, लॉजवर ठेवलंय. मी कोल्हापूरला जाऊन एक्स्चेंजला लावते आणि परत येते. अडीच तास लागतील."

रंग हे आपलं आमचं बोलणं. हा उजेड डोळ्याला दिसतच नाही. पण त्यात आखूड लहरीचा, मधल्या लहरीचा, लांब लहरीचा असे प्रकार असतात, त्यांना आम्ही रंग म्हणतो.

"जा की. पण त्याने काय जोड सुधारणार आहे?" मी म्हटलं आणि बोटाने टॅबवर सही केली. मला खोटं सांगायचं नाही. त्या क्षणी माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. मला वाटलं, मी नियमाने वागतेय, आपल्या माणसाची बाजू घेत नाहीये, केवढी मी खरी!

मृण्मयी गेली. मी चेंबरच्या कडेला गेले आणि सर्जेरावला सांगितलं, "फॉर्म गेला. सही केली मी."

तो खड्ड्यात उभा होता, त्यामुळे त्याचा चेहरा माझ्या गुडघ्यापाशी होता. त्याने वर पाहिलं. "बरं केलासा," म्हणाला. "मशीन पुसून ठिवू का?"

"ठेव."

त्याने मशीन पुसलं. एकेक हत्यार कापडात गुंडाळून पेटाऱ्यात जागच्या जागी ठेवलं. मग डबा काढला आणि विचारलं, "ताई, जेवताय न्हवं?" मला त्याने अर्धी भाकरी आणि झुणका दिला. मी खाल्ला. रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि प्रत्येक ट्रॅक्टरमागे धुरळा आमच्या अंगावर येत होता.

"घरी काय सांगशील?" न राहवून मी विचारलं.

"बायको बऱ्याच दिसापासनं म्हनत हुती, भावजीच्या वेल्डिंगच्या दुकानात जावा म्हनून. जाईन. लोहारच हाय मी." तो हसला. "हातास्नी सवय लागंल परत जाड कामाची."

त्या हसण्याने मला गलबलून आलं आणि गलबलून आलं म्हणून मी त्याच्यावरच खेकसले, "मग जोड नीट करायला काय झालं होतं तुला?"

पावणेतीनला मृण्मयी आली. गाडी थांबायच्या आधीच दार उघडून खाली उतरली. "इंदूताई, हे बघा. बघाच."

टॅबवर एकाखाली एक तीन रेघा होत्या. आखूड रंगाची, मधल्या रंगाची, लांब रंगाची. वरच्या रेघेत साळवणला काहीच नव्हतं. सपाट. मधलीत आमची ती सकाळची पायरी. आणि खालच्या रेघेत तीच पायरी दुपटीहून मोठी, विहिरीच्या कठड्यावरून उतरल्यासारखी.

"जोड खराब असता तर तिन्ही रंगांत सारखाच लॉस आला असता," ती म्हणाली. "रंग लांब होत गेला तसा लॉस वाढतोय. म्हणजे जोड चांगला आहे. काच कुठेतरी फार घट्ट वाकलीय. आखूड लहर वळण घेते, लांब लहर वळणावर बाहेर सांडते."

"वाकलीय म्हणजे पेटीतलं वेटोळं?"

"हो. सर्जेरावच्या पेटीतली वेटोळी मी सकाळी तीनदा पाहिलीत. चांगली मोठी आहेत."

मग उरली कुठली? तिने नाव घेतलं नाही. सर्जेरावने तर पाठच फिरवली.

"अकरा वर्षांपूर्वी मीटर लावूनच पेटी बंद केली होती मी," मी म्हटलं. "एकही पायरी नव्हती."

"कुठल्या रंगाचं मीटर होतं?"

ठेकेदाराकडे तेव्हा एकच मीटर होतं. आखूड रंगाचं.

माझी नजर एव्हाना त्या खालच्या रेघेवर खिळली होती. साळवणची पायरी मोठी होती म्हणून आधी तीच दिसली. पण रेघ नीट पाहिली तर तिच्यावर आणखी बारीक पायऱ्या होत्या. कोल्हापूरपासून चौथ्या किलोमीटरला एक. सातव्याला. साडेअकराला. सोळाला. मी बोट ठेवत गेले. मला ते आकडे पाठ होते, पोटच्या पोरांच्या वाढदिवसांसारखे. या लाइनवर माझ्या सतरा पेट्या. जिथे जिथे पायरी, तिथे तिथे मी. मिस्त्रींच्या पेट्या मधेमधे होत्या, त्या सगळ्या सपाट.

मी पेटाऱ्यावर बसले.

"पण ताई," मृण्मयी म्हणाली, "तुमच्या सतरा ना? इथे पायऱ्या पंधराच आहेत."

मी परत मोजल्या. खरंच पंधरा. दोन पेट्या माझ्याच असून सपाट होत्या. एक कळे. दुसरी असळज.

कळे आणि असळज.

मी वर पाहिलं. सर्जेराव त्या फायबर पुसायच्या कागदाचे बारीक बारीक तुकडे करत होता.

"सर्जेराव, इकडं बघ. कळ्याची आणि असळजची माझी पेटी तू उघडलीस?"

"…व्हय."

"कधी?"

"तवाच. केबल तुटल्याली तवा. माजा जॉइंट किती बी येळा केला तरी लॉस जाईना. मग तुमची उगडली. तुमास्नी इचारल्याबिगर उगडली, ते चुकलंच माजं."

"आणि?"

"वेटोळी घट्ट हुती. सैल केली. गेला लॉस."

"मग रिपोर्टात स्वतःचं नाव कशाला लिहिलंस?"

"दुसऱ्या कुनाचं लिवनार? सगळ्यास्नी नवा जॉइंटच दिसत हुता."

"अरे, मी तुला खुरपी म्हटलं होतं!"

"म्हनलासा की."

"आणि आज? आज कार्ड चाललंय तुझं, तरी तोंडात मिठाची गुळणी?"

"सकाळी म्हनलो की, दुसरी पेटी बगूया." तो अगदी साधेपणाने म्हणाला. "तुमी नगं म्हनलासा."

मृण्मयीने तोंड दुसरीकडे वळवलं. मग मी विचारलं ते एवढंच, "घट्ट का झाली रे? मिस्त्रींनी सांगितलं तशीच घालत आले मी. डाव्या हाताच्या तीन बोटांवर."

सर्जेराव चेंबरच्या कडेला आला. त्याने स्वतःचा डावा पंजा माझ्यापुढे धरला आणि मान खाली घालून, चोरी कबूल केल्यासारखा म्हणाला, "ताई, तुमचाबी हात धरा बगू शेजारी."

मी धरला. त्याच्या दोन बोटांत माझी तीन बसली.

मिस्त्रींचा पंजा परातीएवढा. त्यांच्या तीन बोटांवरचं वेटोळं बशीएवढं व्हायचं. त्यांनी माप दिलं ते स्वतःच्या हाताचं आणि मी ते घेतलं माझ्या हातावर. आणि वर माझी हौस! वेटोळं सुटू नये, पेटी उघडल्यावर देखणं दिसावं म्हणून मी त्याला बारीक चिकटपट्टी लावायची. मिस्त्री सैल सोडायचे, मी आवळून बांधायची. लोक माझी पेटी उघडून म्हणायचे, व्वा, बाईच्या हातची टापटीप. ऐकून मीही फुगायची.

मला तेव्हा रडू यायला पाहिजे होतं. आला तो संताप.

"मूर्खा!" मी उठून उभी राहिले. "दोन वर्षांपूर्वी कळलं होतं तुला! दोन वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगनार ताई? मला कार्ड तुमीच मिळवून दिलासा. तुमचं नाव असं हाय की…"

"नावाला काय जाळायचंय? अरे, त्या दोन वर्षांत मी राधानगरीच्या लाइनवर बावीस पेट्या बांधल्या. बावीस! सगळ्या तीन बोटांवर! दिवाळीनंतर बारा पोरी शिकवल्या, त्यांना हेच शिकवलं. त्यांचे हात माझ्याएवढेच आहेत, सर्जेराव! कुणाचे तर माझ्याहून बारीक! पुढच्या महिन्यात केंद्रात बसून मी आणखी शंभर पोरींना हे शिकवणार होते आणि तू माझी लाज झाकत बसलास?"

तो हबकला. हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. माझी अब्रू राखली एवढंच त्याच्या हिशेबी होतं. त्याचे डोळे भरले. "चुकलं ताई," म्हणाला.

"तुझं चुकलं आणि माझं त्याहून चुकलं. चल हो बाजूला."

मी कामाच्या कोटाखालची साडी खोचली आणि खड्ड्यात उतरले. त्या पेटीतल्या बाकीच्या फायबरमधून दहा गावांचं इंटरनेट चालू होतं, त्यांना धक्का लागून चालणार नव्हतं. जुनं झाकण अकरा वर्षांत घट्ट बसलं होतं. ते निघाल्यावर आत माझी चिठ्ठी होती, निळ्या शाईतली, अक्षर वळणदार. ती बाजूला ठेवली आणि ज्या दोन फायबरमधून चारशेची लाइन जाणार होती त्यांचं वेटोळं बघितलं. एवढंसं, पुरीएवढं, चिकटपट्टीत आवळलेलं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? चिमट्याने पट्टी सोडवली. काच जागच्या जागी उलगडली आणि पेटीतल्या ताटलीच्या कडेपर्यंत आपली आपण पसरली.

"मृण्मयी, बघ."

वर तिने टॅबवर बोट टेकलं. मग ती जवळजवळ ओरडलीच, "गेली! ताई, पायरी गेली! तिन्ही रंगांत सपाट! चारशेची लाइन धरतेय!"

साडेतीन वाजले होते. पाचची चाचणी होणार होती आणि नीट होणार होती. बाकीच्या पेट्यांतल्या बारीक पायऱ्या आजच्यापुरत्या खपणार होत्या. म्हणजे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. हा विचार माझ्या मनात आला नाही असं म्हणणार नाही. आला. चांगला हातपाय पसरून बसला.

मी खड्ड्यातूनच शिंत्रे साहेबांना फोन लावला. स्पीकरवर टाकला, सर्जेरावला ऐकू जावा म्हणून.

"झालं साहेब. लाइन सपाट आहे."

"शाब्बास! जयसिंगपूरचा माणूस पोचला वाटतं?"

"कुणी पोचलं नाही. तो फॉर्म परत घ्या. दोष सर्जेरावचा नव्हता."

"बाई, फॉर्म पुण्याला गेलाय. आता परत घ्यायचा तर मला दुसरं नाव द्यावं लागेल."

"देते की. साळवणचा दोष माझा. आणि कळ्याचा न् असळजचा जो सर्जेरावच्या नावावर आहे, तोही माझा. दोन्हीकडे त्याने माझी पेटी सुधारली आणि स्वतःचं नाव लिहिलं. मृण्मयी मॅडमकडे तिन्ही रंगांची चित्रं आहेत, पाठवतील."

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"चौगुलेबाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना? तीन होतात."

"मोजता येतं मला."

"कार्ड जाईल. केंद्राची नेमणूक जाईल. अहो, तो गडी तरुण आहे, दुसरीकडे कुठेही लागेल. तुम्ही पन्नाशीला आलात. जे झालं ते झालं, आत्ता कुणी विचारत नाहीये. शांतपणे विचार करा."

"केला साहेब. लिहून घ्या. इंदुमती आकाराम चौगुले. आणि त्याखाली लिहा, या लाइनवरच्या उरलेल्या चौदा आणि राधानगरीच्या बावीस पेट्या उघडायच्या आहेत. आणि त्या बारा पोरींना बोलवायचंय, त्यांना मी चुकीचं शिकवलंय. मोजपट्टी ठेवून परत शिकवायचंय."

"तुम्ही ऐकणार नाही तर."

"नाही."

फोन ठेवला. सर्जेराव वरून बघत होता. "ताई, काय केलासा हे?" म्हणाला आणि त्याने मला वर घ्यायला हात पुढे केला. मी तो धरून वर आले. छातीत असं मोकळं वाटत होतं की सांगता सोय नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. चारशेचं कौतुक कधीच संपलं, आता त्याच काचेतून आठशे आणि पुढचं पाठवतात. उजेडाच्या एका पट्ट्यात जागा पुरेना म्हणून शेजारचा लांब लहरीचा पट्टाही वापरायला काढलाय. तोच, जो माझ्या वेटोळ्यांत सगळ्यात जास्त सांडत होता. तेव्हा उघडल्या नसत्या तर त्या पेट्या आज कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात आल्या असत्या. मी सध्या केंद्रातच शिकवते. नेमणूक तेव्हा गेली ती गेलीच. चार वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन, पुन्हा अर्ज करून मिळवली.

पण त्या वेळी, मी आपणहून कबूल केलं म्हणून, कार्ड सहा महिन्यांसाठीच जमा झालं. प्रमुख म्हणून सर्जेरावला नेमलं आणि कार्ड नसलेली मदतनीस म्हणून मी त्याच्या हाताखाली गेले. साहेबांना वाटलं मी घरी बसेन. का बसू? पेट्या माझ्या होत्या.

पहिल्या दिवशी त्याने माझ्यासाठी सावलीत खुर्ची मांडली. "ताई, तुमी हितं बसा. मी उगडतो."

"प्रमुख, काम सांगा," मी म्हटलं. "खुर्ची परत गाडीत टाका."

तो लाजला, डोकं खाजवलं आणि मग म्हणाला, "बरं. झाकन काढा."

मी झाकण काढलं. पट्टी सोडवली, काच सैल केली. त्याने मीटर बघितलं. सपाट. मग रिपोर्टाचा कागद मांडीवर घेऊन बसला. जागा, तारीख, वेळ, सगळं भरलं आणि 'दोष कुणाचा' या रकान्यापाशी पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिला.

"लिही," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. या खेपेला माझंच नाव लिहिलं.